विश्लेषण : कानाच्या पडद्याला कूर्चेचे ठिगळ कशासाठी?

हिंगोली, वसमत, कळमनुरीकडे ‘कान फुटला’ म्हणतात, तेव्हा बऱ्याचदा मधल्या कानात जुना संसर्ग असतो आणि पडद्याला छिद्र पडलेले असते. ते बुजवण्यासाठी आज कानाचीच कूर्चा वापरतात. या उपचारामागची मूळ सूत्रे जोसेफ टॉयन्बी या इंग्रज शल्यचिकित्सकाच्या कामात सापडतात.

टॉयन्बी कोण होते?
त्यांचा जन्म १८१५ मध्ये लिंकनशायरमध्ये झाला. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, भोवतालच्या द्रवातून झिरपणाऱ्या पोषणावर ती जगते, हे त्यांनी १८४१ मध्ये मांडले. पुढच्याच वर्षी, वयाच्या २६व्या वर्षी ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. नंतर ते कानाकडे वळले. त्यांनी मृतांच्या हजाराहून अधिक कानांचे विच्छेदन केले. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात ते कानाचे शल्यचिकित्सक होते.

त्यांनी छिद्र कसे झाकले?
१८५३ मध्ये चांदीच्या तारेला जोडलेली रबराची चकती त्यांनी कानात बसवली. छिद्र झाकले की ऐकणे सुधारू शकते, हे त्यातून दिसले. पण रबर शरीराशी एकजीव होत नव्हते. नाकामागून मधल्या कानात जाणारी नळी एरवी बंद असते आणि गिळताना उघडते, हेही त्यांनी दाखवले.

मृत्यू कसा झाला?
कानात सतत होणाऱ्या आवाजावर ते औषध शोधत होते. जुलै १८६६ मध्ये क्लोरोफॉर्म आणि हायड्रोसायनिक आम्लाची वाफ स्वतःवर आजमावताना त्यांचा मृत्यू झाला. वय होते ५०.

आज या कामाचा उपयोग काय?
ती नळी नीट उघडली नाही तर मधल्या कानातला दाब घटतो आणि नवा पडदा आत ओढला जातो. कानशिलाच्या स्नायूवरचे पातळ आवरण, म्हणजे फॅशिया, अशा वेळी खचू शकते. कूर्चा ताठ राहते आणि रक्तपुरवठा कमी असला तरी तगते.

कोणती पद्धत केव्हा?
‘आयलंड’ पद्धतीत कूर्चेचा एकच तुकडा तिच्या आवरणासह बसवतात. ‘पॅलिसेड’मध्ये बारीक पट्ट्या शेजारी शेजारी लावतात, मोठ्या छिद्रावर त्या पडद्याच्या वळणाप्रमाणे बसवता येतात. ऐकण्याबाबत फॅशिया आणि कूर्चा यांच्यात बहुतेक अभ्यासांत मोठा फरक दिसत नाही. कूर्चा अपारदर्शक असते, त्यामुळे तिच्यामागे आजार पुन्हा वाढला तरी लवकर दिसत नाही. म्हणून शस्त्रक्रियेनंतर कान कोरडा झाला, तरी ठरलेल्या तपासण्या चुकवू नयेत.