माधव श्रीहरी अणे

माधव श्रीहरी अणे ऊर्फ लोकनायक बापूजी अणे (२९ ऑगस्ट १८८० – २६ जानेवारी १९६८) हे विदर्भातील कायदेपंडित, संस्कृत विद्वान व भारतीय स्वातंत्र्यलढ्यातील नेते होते. १९३० मध्ये वऱ्हाडात झालेल्या जंगल सत्याग्रहाचा प्रारंभ त्यांनी पुसद येथे केला.

पूर्वायुष्य

अणे यांचा जन्म यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे झाला. नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून पदवी घेतल्यानंतर त्यांनी काही काळ अमरावती येथे शिक्षकाची नोकरी केली. पुढे कायद्याचे शिक्षण पूर्ण करून १९०८ मध्ये त्यांनी यवतमाळ येथे वकिली सुरू केली. ते लोकमान्य टिळकांचे निष्ठावान अनुयायी होते. कायदेमंडळावरील बहिष्कार त्यांना मान्य नव्हता. त्यामुळे १९२० च्या दशकात त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात काम केले. १९२८ च्या नेहरू समितीचेही ते सदस्य होते.

पार्श्वभूमी

१८७८ च्या व त्यानंतर १९२७ च्या वन कायद्याने सरकारला कोणतेही सरकारी वनक्षेत्र राखीव घोषित करण्याचा अधिकार मिळाला. राखीव जंगलात गुरे चारणे, गवत कापणे किंवा सरपण गोळा करणे परवानगीवाचून गुन्हा ठरला. सागवानाचे संरक्षण आणि त्यापासून मिळणारा महसूल हे या व्यवस्थेमागील प्रमुख हेतू होते. यवतमाळ जिल्ह्यातील शेतकरी, गोपालक तसेच गोंड, कोलाम आदी आदिवासी समाज चारा व सरपणासाठी याच जंगलांवर अवलंबून होते. पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट अशा रीतीने सरकारी मेहेरबानीची बाब झाली.

जंगल सत्याग्रह

१९३० मध्ये महात्मा गांधींनी मिठाचा सत्याग्रह आरंभला, तेव्हा समुद्रापासून दूर असलेल्या वऱ्हाडापुढे कोणता कायदा मोडावा हा प्रश्न होता. दहिहंडा येथे खाऱ्या पाण्यापासून मीठ तयार करण्यात आले. परंतु पावसाळ्याच्या तोंडावर ग्रामीण जनतेच्या जिव्हाळ्याचा विषय म्हणून वन कायदा पुढे आला. १० जुलै १९३० रोजी अणे यांनी स्वयंसेवकांसह पुसदजवळील राखीव जंगलात विनापरवाना गवत कापले. त्यांना अटक होऊन तुरुंगवासाची शिक्षा झाली. ज्यांचा सारा व्यवसाय कायद्यावर आधारलेला होता, अशा वकिलाने उघडपणे कायदा मोडून शिक्षा पत्करली, हे या घटनेचे वैशिष्ट्य होय. गवताची पेंढी मुठीत घेणे एवढ्याच साध्या कृतीतून जंगलावरील मालकीचा प्रश्न उभा राहिला.

याच मालिकेत २१ जुलै १९३० रोजी यवतमाळजवळील लोहारा येथील जंगलात डॉ. केशव बळीराम हेडगेवार यांनी आपल्या सहकाऱ्यांसह सत्याग्रह केला. त्यांना नऊ महिन्यांची शिक्षा होऊन अकोला तुरुंगात ठेवण्यात आले. पुढे महाराष्ट्रात अनेक ठिकाणी वन कायद्याचा भंग झाला. त्यांपैकी सांगली भागातील बिळाशी व कुलाबा जिल्ह्यातील चिरनेर ही ठिकाणे विशेष प्रसिद्ध आहेत. चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी झालेल्या गोळीबारात सत्याग्रही हुतात्मे झाले.

उत्तरायुष्य

१९३३ मध्ये अणे यांनी काँग्रेसचे हंगामी अध्यक्षपद सांभाळले. जातीय निवाड्याच्या प्रश्नावर मतभेद झाल्याने १९३४ मध्ये मदनमोहन मालवीय यांच्यासमवेत त्यांनी काँग्रेस नॅशनॅलिस्ट पक्ष स्थापन केला. १९४१ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. मात्र १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी त्यांनी राजीनामा दिला. त्यानंतर ते श्रीलंकेत भारताचे प्रतिनिधी होते. १९४८ ते १९५२ या काळात त्यांनी बिहारचे राज्यपालपद भूषविले. पुढे ते नागपूरमधून लोकसभेवर निवडून आले. स्वतंत्र विदर्भ राज्याचा त्यांनी सातत्याने पुरस्कार केला.

सन्मान व वारसा

१९६८ मध्ये त्यांना पद्मविभूषण हा किताब देण्यात आला. लोकमान्य टिळकांच्या जीवनावरील 'श्रीतिलकयशोऽर्णवः' या त्यांच्या संस्कृत महाकाव्याला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मरणोत्तर मिळाला.

ज्या १९२७ च्या कायद्याचा त्यांनी भंग केला, तो स्वातंत्र्यानंतरही कायम राहिला. यवतमाळ जिल्ह्यात पुढे टिपेश्वर व पैनगंगा ही अभयारण्ये घोषित झाली आणि तेथील सागवनांना वन्यजीवांसाठीही संरक्षण लाभले. वनांवर अवलंबून असलेल्या समाजांच्या हक्कांना मात्र २००६ च्या वनहक्क कायद्याने मान्यता मिळाली. वनसंरक्षण आणि वहिवाटीचे हक्क यांचा मेळ कसा घालावा, हा पुसद व लोहारा येथे उपस्थित झालेला प्रश्न आजही वनधोरणाच्या केंद्रस्थानी आहे.