पंडिता रमाबाई आणि देवाचा विश्वासूपणा

देव विश्वासू आहे, हे आपण मंडळीत पुष्कळदा म्हणतो. पण घरातली कणगी रिकामी झाली, विहिरीने तळ गाठला, किंवा घरच्या कर्त्या माणसास मूठमाती देऊन आपण परत आलो, म्हणजे तेच शब्द घशाखाली उतरत नाहीत. अशा वेळी उपदेशकाने नुसते वचन काढून वाचले तर ऐकणारा मान हलवतो, आणि मनात म्हणतो की ह्यांना काय ठाऊक. म्हणून आज वचनाच्या विवरणाऐवजी एका बाईंचे चरित्र सांगण्याचे योजिले आहे. उपासमार त्यांनी पुस्तकात वाचलेली नव्हती; ती त्यांनी स्वतः भोगली होती. त्या बाई म्हणजे पंडिता रमाबाई.

मुळशी तालुक्यातील हिंजवडीस उभे राहून पाहिले, तर ह्या चरित्रातील दोन मोठ्या घटनांची ठिकाणे दोन बाजूंस पडतात: एकीकडे घाटमाथ्यावरील लोणावळे, आणि दुसरीकडे पुण्यापलीकडे दौंडाच्या लोहमार्गावरील केडगाव. आज हिंजवडीच्या शेतजमिनींवर संगणकाच्या मोठमोठ्या कचेऱ्या उभ्या आहेत आणि हजारो घरे महिन्याच्या ठरलेल्या पगारावर चालतात. ठरलेली मिळकत नसता दोन हजार माणसांचे घर कसे चालावे, हा प्रश्न मात्र त्याच जिल्ह्यात एका विधवेपुढे उभा राहिला होता.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या कर्नाटकातील रानात, गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान ब्राह्मण. बायकांनी संस्कृत शिकावे असे त्यांचे मत होते, आणि त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला ते शिकवलेही. ह्यामुळे त्यांना लोकांचा रोष सोसावा लागला. पुढे आतिथ्यात आणि यात्रांत सारी मालमत्ता संपली. मग हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडू लागले. देवळांत पुराण सांगावे, लोक जे देतील त्यावर गुजराण करावी, आणि उरेल ते दानधर्मात घालावे, असा क्रम होता. लहानग्या रमेला आईने पहाटे जागे करून भागवत पाठ करविले.

इतक्यात मद्रास इलाख्यातील तो घोर दुष्काळ आला. १८७४ पासून ह्या कुटुंबाची दैना सुरू झाली. दागिने विकले, भांडी विकली. शेवटी रानातला पाला खाण्याची पाळी आली. त्यांनी व्रते केली, अनुष्ठाने केली, देवतांपुढे दिवसचे दिवस बसून राहिले. उत्तर आले नाही. भिक्षेपेक्षा मरण बरे असे ठरवून म्हाताऱ्या बापाने जलसमाधीचा विचार केला, तेव्हा मुलगा श्रीनिवास ह्याने मोलमजुरी करून सर्वांस पोसण्याची तयारी दाखविली आणि तो विचार मागे पडला. पण देह खंगला होता. मरणापूर्वी अंध झालेल्या त्या बापाने सर्वांत धाकट्या मुलीस जवळ घेतले आणि तिला देवाच्या हाती सोपवून दिले. तिने जन्मभर त्याचीच सेवा करावी, एवढे त्याने सांगितले. तो देव कोण, हे बापास ठाऊक नव्हते, मुलीसही नव्हते. पुढे ख्रिस्ती झाल्यावर रमाबाई हा प्रसंग फार प्रेमाने सांगत. आपण देवाला शोधण्यापूर्वी त्याने आपला हात धरला होता, असे त्यांस वाटे. प्रस्तुत लेखकास त्यांच्या साऱ्या चरित्रात ह्याहून हृदयास भिडणारी गोष्ट आढळली नाही.

बापामागून आई गेली, नंतर थोरली बहीण गेली. भाऊ-बहीण दोघेच उरली आणि अनवाणी पायांनी हिंदुस्थानभर हिंडली. जुन्या देवतांवरील विश्वास ह्या प्रवासात गळून पडला. १८७८ साली दोघे कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी ह्या तरुण मुलीची विद्वत्ता पाहून तिला पंडिता आणि सरस्वती ह्या पदव्या दिल्या. मान मिळाला, पण आधार टिकला नाही. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशी त्यांचे लग्न झाले. १८८१ साली मनोरमा जन्मली. आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीच्या रोगाने पतीही गेला. वय चोवीसही पुरे नव्हते.

आसामात सिल्चर येथे राहत असता पतीच्या पुस्तकांत बंगाली भाषेतील लूककृत शुभवर्तमान त्यांच्या हाती पडले होते. ते बीज तेथे राहिले. वैधव्यानंतर त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज काढला, आणि १८८३ साली विलायतेस गेल्या. वाँटेज येथील भगिनींच्या आश्रमात असता पतित स्त्रियांसाठी चाललेले त्यांचे काम रमाबाईंनी पाहिले. ज्यांना जग दाराबाहेर काढते त्यांना ह्या बाया प्रेमाने का वागवितात, असे त्यांनी विचारले. तेव्हा त्यांस योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी बाईची कथा सांगण्यात आली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मनोरमेसह त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्या अमेरिकेस गेल्या. तेथे १८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजी पुस्तक लिहिले आणि बॉस्टन येथे त्यांच्या नावाची मंडळी स्थापन झाली. ह्या मंडळीने विधवांच्या शाळेस दहा वर्षे पैसा पुरविण्याचे कबूल केले.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीनजीक शारदासदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई ह्या बालविधवा पुढे प्रोफेसर धोंडो केशव कर्वे ह्यांच्या पत्नी झाल्या, हे पुष्कळांस ठाऊक असेल. शाळेत धर्म शिकवावयाचा नाही, असा करार होता. पण रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे ठेवीत, आणि काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसत. ह्यावरून पुण्यात वादळ उठले. १८९३ साली रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि पालकांनी पुष्कळ मुली घरी नेल्या. त्या सद्गृहस्थांस दोष देण्याचे कारण नाही. दिलेला शब्द मोडला असे त्यांस प्रामाणिकपणे वाटले. रमाबाईंसही आपण मोकळ्या दाराने प्रार्थना करावी की नाही, ह्यात तडजोड दिसेना.

आता आपल्या विषयाचे मर्म येते. बाप्तिस्मा होऊन आठ वर्षे लोटली तरी ख्रिस्ती धर्म आपणास मिळाला, पण खुद्द ख्रिस्त मिळाला नाही, असे रमाबाईंस १८९१ च्या सुमारास दिसून आले, आणि त्यांनी आपणास निःशेष त्याच्या स्वाधीन केले. त्यानंतर ब्रिस्टल येथील जॉर्ज म्यूलर, चीन देशात गेलेले हडसन टेलर व दक्षिण समुद्रातील बेटांत काम केलेले जॉन पेटन ह्यांची वृत्ते त्यांच्या वाचनात आली. म्यूलर साहेबांनी माणसांकडे पैसा न मागता, केवळ प्रार्थनेच्या बळावर हजारो अनाथ मुले पोसली. हे वाचून रमाबाईंच्या मनात आले की, देव इंग्लंडात विश्वासू ठरला तर हिंदुस्थानात का ठरणार नाही? प्रश्न कोरडा नव्हता. दहा वर्षांची मुदत १८९८ साली संपत होती, आणि त्यानंतर अमेरिकेतून पैसा येईलच असे कोणी म्हणू शकत नव्हते.

१८९६ साली लोणावळ्यास ख्रिस्ती लोकांचा मेळावा भरला. रमाबाईंबरोबर ख्रिस्ती झालेल्या पंधरा मुली होत्या. पहाटे रानात एकट्या जाऊन रमाबाईंनी ह्या पंधरांबद्दल उपकार मानले, आणि पुढच्या मेळाव्यापूर्वी त्यांचा वर्ग करून द्यावा, म्हणजे दोनशे पंचवीस द्याव्या, असे मागितले. इतक्या मुलींस ठेवावयास त्यांच्यापाशी घर नव्हते, खाऊ घालावयास पैसाही नव्हता. हिशेबी माणूस ह्याला वेडेपणा म्हणेल.

त्याच वर्षाच्या अखेरीस मध्यप्रांतात दुष्काळ पडल्याची बातमी आली. पोटात अन्न नसले म्हणजे काय होते, हे रमाबाईंच्या अंगास ठाऊक होते. त्यांच्याने घरी बसवले नाही. त्या तिकडे गेल्या. दुष्काळी छावण्यांत मुलींची व तरुण विधवांची कशी विटंबना होते ते त्यांनी पाहिले, आणि टोळ्याटोळ्यांनी त्या मुलींस आणू लागल्या. लवकरच ही संख्या तीनशेच्या घरात गेली. पण पुण्यात ग्रंथिज्वराची साथ चालू होती. शहरात इतक्या नव्या मुली ठेवण्यास सरकारी अधिकाऱ्यांनी मनाई केली. तेव्हा केडगावी शाळेच्या उत्पन्नासाठी म्हणून घेतलेली शंभर एकर जमीन उपयोगी आली. फळबागेसाठी घेतलेल्या त्या माळावर तंबू ठोकले गेले, गवताच्या झोपड्या उभ्या राहिल्या. २४ सप्टेंबर १८९८ रोजी तेथे मुक्तिसदनाचे समर्पण झाले.

वाचकांनी असे मात्र समजू नये की ह्या बाई हात जोडून बसल्या आणि धान्याच्या गाड्या आपोआप दारी आल्या. काही उपदेशक तसे सांगतात. ते खरे नव्हे. रमाबाईंनी विहिरी खणविल्या, शेती केली, गाईम्हशी पाळल्या, मुलींस विणकाम शिकविले, छापखाना घातला. त्या पहाटे चारच्या आधी उठत. आंधळ्या मुलींस ठिपक्यांच्या लिपीत वाचावयास मनोरमाबाईंनी शिकविले. पडलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघाले. आणि पुष्कळ मुली, उपासाने पोखरलेल्या, तेथे येऊनही जगल्या नाहीत. त्यांस तेथेच पुरावे लागले. विश्वासू देवावर भाव ठेवणाऱ्याच्या अंगणात कबरी होत नाहीत, असे कोणी म्हणत असेल तर त्याने केडगावचे दफनस्थान पाहावे.

१९०० साली गुजराथेत दुष्काळ पडला. रमाबाईंनी तिकडेही माणसे पाठविली आणि मुक्तीतील संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. इतक्या माणसांस, वर शंभराहून अधिक गुरांस, पाणी पुरवावयाचे होते, आणि पाऊस अपुरा झाल्याने विहिरी आटत चालल्या होत्या. त्या वेळी तेथे असलेल्यांनी लिहून ठेवले आहे की संध्याकाळी विहिरींतील पाणी पार उपसून होई आणि सकाळी दिवसापुरते पुन्हा साचलेले असे. आपल्यातील शेतकरी म्हणतील, झरा जिवंत असला म्हणजे तसे होतेच. होते खरे. रमाबाईही झऱ्यास नाकारीत नव्हत्या. तो कोणी जिवंत ठेवला, एवढेच त्या पाहत.

१९०५ साली मुक्तीत जे संजीवन झाले त्याचे वर्णन ह्याआधी पुष्कळांनी केले आहे. येथे त्यात शिरत नाही. त्यानंतरची रमाबाईंची वर्षे बहुतेक मेजाशी गेली. खेड्यातील अडाणी बाईस वाचता येईल, वाचलेले ऐकून समजेल, अशा साध्या मराठीत संपूर्ण पवित्र शास्त्र आणावे, हा त्यांचा हेतू होता. त्यासाठी त्यांनी उतारवयात इब्री व हेल्लेणी ह्या भाषा अभ्यासिल्या. जिने संस्कृत पंडितांस चकित केले होते, ती आता जड संस्कृत शब्द निवडून बाजूस टाकीत होती. कानांनी नीट ऐकू येत नसे, शरीर थकले होते. काम थांबले नाही.

मग शेवटचा घाव बसला. मनोरमाबाई शिकून तयार झाल्या होत्या, सारा कारभार त्यांच्याच खांद्यावर जाणार असे सर्वांनी धरले होते. १९२१ च्या जुलैत, चाळिसाव्या वर्षी, त्या वारल्या. बाप, आई, बहीण, भाऊ, पती, आणि आता एकुलती एक मुलगी. देवाने दोनशे पंचवीस मागितल्या तेथे त्याहून अधिक दिल्या, आणि पोटची एक मात्र ठेविली नाही. ह्या कोड्याचा उलगडा रमाबाईंनी केला नाही, आणि आम्हीही करीत नाही. त्या पुन्हा मेजाशी जाऊन बसल्या व भाषांतराची मुद्रिते तपासू लागल्या.

ते काम पुरे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे रमाबाईंनी देह ठेविला. छापणे बाकी होते. मुक्तीच्या छापखान्यात तेथल्याच स्त्रियांनी खिळे जुळविले, पाने बांधली, आणि १९२४ साली ते शास्त्र बाहेर पडले. आजही पुण्याहून दौंडाकडे जाताना केडगावास उतरले म्हणजे मुक्तीचे आवार दिसते. तेथे मुली व निराधार स्त्रिया राहतात.