बाख आणि रविवारचं गाणं

आजचं वाचन: २ इतिहास ५:१३

मित्रांनो, हे वचन वाचताना मला योहान सेबास्टियन बाख आठवतात. दहाव्या वर्षीच आईवडिलांचं छत्र गेलेलं. विशीत ते आर्नश्टाटच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. साथीत इतके अनोळखी सूर मिसळत, की मंडळी गोंधळून जाई. १७०६ मध्ये वरिष्ठांनी त्यांना त्यावरून चांगलंच सुनावलं.

१७२३ पासून ते लाइपझिगमध्ये होते. तिथे रविवारचं संगीत ठरायचं ते त्या दिवसाच्या शास्त्रवाचनावरून. वाचनाला धरून कांटाटा आणि शेवटी बहुधा मंडळीच्या ओळखीचं साधं गीत, चार आवाजांत. सुरुवातीच्या वर्षांत तर बरेचदा आठवड्याला एक नवी रचना! डेडलाइनवर जगणाऱ्या माझ्यासारख्याला ही मेहनत कळते. कित्येक हस्तलिखितांच्या शेवटी ते तीन अक्षरं लिहीत. अर्थ एवढाच, की गौरव फक्त देवाचा.

त्यांच्या बायबलमध्ये आजच्याच वचनापाशी, समासात त्यांच्या हातची नोंद आहे. भक्तिभावाने केलेल्या संगीतात देव कृपेसह हजर असतो, असा तिचा आशय.

क्वायरमधल्या मित्रांनो, या रविवारचं गाणं निवडताना आधी वाचन उघडू या. आपला आवाज कुठे खुलतो, ते नंतर बघू.

प्रभू, आमच्या गाण्यात लोकांना तूच दिसू दे. आमेन.