साने गुरुजींची शाळा



परधर्मीयांशी कसे वागावे हे मुलांना वर्गात बसवून शिकविता येते का? युवकांसमोर बोलायची वेळ आली की हा प्रश्न आम्हाला पडतो, आणि मग साने गुरुजी आठवतात.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड येथे 24 डिसेंबर 1899 रोजी, म्हणजे नाताळच्या आदल्या दिवशी झाला. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात गेले, पण तिथे रमले नाहीत. (आम्हीही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो, त्यामुळे आम्हाला याचे फारसे नवल वाटत नाही!) 1924 साली ते तिथल्याच शाळेत शिक्षक झाले. पुढे छात्रालयही त्यांच्याकडे आले. मुलांना स्वच्छतेवर व्याख्यान देण्याऐवजी ते स्वतःच त्यांच्या खोल्या झाडीत, अंथरुणे आवरीत, कंदिलांच्या काचा पुशीत. मुले ओशाळली आणि आपणहून कामाला लागली.

1930 साली नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेकडील कैद्यांचा सहवास लाभला. आपल्याच देशबांधवाची भाषा आपल्याला कळू नये, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली. ते तमिळ शिकू लागले, आणि पुढे 'कुरल' हा तमिळ ग्रंथ त्यांनी मराठीत आणला.

पण त्यांची खरी कसोटी पंढरपूरला लागली. विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्यांना बंद होते. दुसऱ्याच्या धर्माला नावे ठेवणे सोपे असते. गुरुजींनी जाब विचारला तो स्वतःच्या धर्मबांधवांना. आधी महाराष्ट्रभर फिरून त्यांनी लोकांची मने वळविली, आणि मग 1 मे 1947 रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू केले. ते दहा दिवस चालले. अखेर मंदिराचे दार उघडण्याचा मार्ग मोकळा झाला. भारतातील काही चर्चमध्येही जातीनुसार बसण्याच्या जागा वेगळ्या होत्या, हे आपल्या मुलांना सांगायला आम्ही धर्मगुरूंनी कचरू नये.

गांधीजींच्या हत्येनंतर त्यांनी 21 दिवसांचे उपोषण केले. 1949 च्या पुणे साहित्य संमेलनात त्यांनी 'आंतरभारती'ची कल्पना मांडली : निरनिराळ्या प्रांतांतील तरुणांनी एकत्र राहावे, एकमेकांच्या भाषा शिकाव्यात. ते काम उभे राहिलेले त्यांना पाहता आले नाही. मन निराशेने ग्रासले आणि 11 जून 1950 रोजी त्यांनी स्वतःचे जीवन संपविले. त्यांचा न्याय करणे आपले काम नव्हे. आम्ही त्यांना प्रभूच्या दयेवर सोपवितो.

'श्यामची आई' आपल्या बहुतेक घरांत असते. गुरुजींनी महंमद पैगंबरांचे चरित्रही लिहिले आहे, ते मात्र क्वचितच दिसते. 'इस्लामी संस्कृति' या नावाने ते त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. युवकांनी ते मिळवून वाचावे, आणि वाचताना अडलेले प्रश्न आम्हाला विचारण्याआधी आपल्या मुस्लीम मित्राला विचारावेत.