शुद्ध आणि मिश्र यांचा निवाडा करणाऱ्या कमलाबाई सोहोनी

सरदारपूरहून धारमार्गे पूर्वेकडे गेले की इंदूर लागते. त्या इंदुरात १९११ साली भागवतांच्या घरी एक कन्या जन्मली. तिचे नाव कमला. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगलोरच्या टाटांच्या विज्ञानसंस्थेत शिकलेले. मराठीतील थोर लेखिका दुर्गाबाई भागवत या कमलाबाईंच्या भगिनी.

रसायनशास्त्राच्या पहिल्याच पाठात मिश्रण आणि शुद्ध पदार्थ यांतला भेद शिकवतात. साखर हा शुद्ध पदार्थ. तिची घडण कणाकणात एकच असते. सरबत हे मिश्रण. त्यात साखर किती व पाणी किती, हे करणाऱ्याच्या हाती असते, आणि पाणी आटवले की साखर मागे उरते. बाजारात आपण शुद्ध दूध म्हणतो, त्याचा अर्थ भेसळ नसलेले दूध इतकाच. रसायनशास्त्राच्या दृष्टीने चांगल्यातले चांगले दूधही मिश्रणच आहे. पाणी, स्निग्धांश, प्रथिने, दुग्धशर्करा व क्षार त्यात एकत्र नांदतात, पण डोळ्यांना ते एकजीव दिसते. अशा मिश्रणातून एकेक घटक वेगळा काढून ओळखणे हेच कमलाबाईंचे आयुष्यभराचे काम झाले.

१९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण होऊन त्यांनी बंगलोरच्या त्याच संस्थेकडे अर्ज केला. संचालक होते नोबेल पारितोषिक मिळालेले सर चंद्रशेखर व्यंकट रामन. त्यांनी अर्ज नाकारला, कारण अर्जदार स्त्री होती. कमलाबाई स्वतः बंगलोरला जाऊन ठाण मांडून बसल्या. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर : पहिले वर्ष उमेदवारीचे, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंत काम, आणि प्रयोगशाळेतील वातावरण बिघडता कामा नये. अपमान गिळून त्यांनी अटी मान्य केल्या. तो सल मात्र त्यांच्या मनातून कधी गेला नाही. वर्षाअखेर त्यांचे काम पाहून रामन यांचे समाधान झाले आणि पुढे इतर मुलींनाही तेथे वाट मिळाली.

श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. डाळीच्या पिठात एकच प्रथिन नसते. काही प्रथिने पाण्यात विरघळतात, काही मिठाच्या पाण्यात. द्रावणातील क्षार वाढवत नेला की एकेक प्रथिन साका होऊन खाली बसते. ते गाळायचे, पुन्हा विरघळवायचे, पुन्हा गाळायचे. येथे घाई चालत नाही. १९३६ मध्ये त्यांना एम.एस्सी. मिळाली.

पुढे केंब्रिजला त्यांनी बटाट्यावर काम केले आणि वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी हा श्वसनक्रियेतील घटक असतो, हे दाखवले. त्यांचा प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता. १९३९ साली पीएच.डी. घेऊन त्या मायदेशी परतल्या. दिल्ली व कुन्नूर येथे काम करून, १९४७ मध्ये श्री. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईस आल्या व रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकवू लागल्या. पुढे तेथे संचालकपदापर्यंत पोहोचल्या.

मुंबईत त्यांनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. ताडामाडाचा हा ताजा रस म्हणजे साखर, जीवनसत्त्वे व क्षार यांचे मिश्रण. तो गरिबांच्या, विशेषतः आदिवासी मुलांच्या व गरोदर स्त्रियांच्या पोषणास उपयोगी पडतो, हे त्यांनी दाखवले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. सामान्य माणसासाठी त्यांनी मराठीत ‘आहार-गाथा’ लिहिली. १९९८ साली त्यांचे निधन झाले.

मिश्र म्हणजे वाईट आणि शुद्ध म्हणजे चांगले, असा समज सहज होतो. कमलाबाईंचे काम तो समज दूर करते. विषही शुद्ध असू शकते, आणि लेकराला वाढवणारे दूध मिश्रण असते. पदार्थाची पारख त्याच्या नावावरून करायची नसते. आत काय आहे ते शोधून करायची असते. माणसाचेही तसेच. बंगलोरला आलेल्या त्या मुलीची पारख आधी केवळ ती स्त्री आहे यावरून झाली, आणि मग तिच्या कामावरून.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी मुलांसमोर कोमट दुधात लिंबू पिळून दाखवावे. चोथा व पाणी वेगळे होताना पाहिले की मिश्रण म्हणजे काय, हे मुले विसरणार नाहीत. मग कमलाबाईंची गोष्ट सांगावी.