नाकातली नळी आणि सर्जनांची पीएच.डी.

दोन वर्षांपूर्वी आजोबांच्या आतड्यात अडथळा झाला. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं. डॉक्टरांनी नाकातून एक नळी पोटात सोडली आणि सकाळपर्यंत फुगारा बराच उतरला. सर्जरीची रेसिडेंट असलेल्या मामेबहिणीला विचारलं की ही आयडिया कोणाची? तिने नाव सांगितलं, ओवेन वँगेनस्टीन. मग काय, रात्रभर दवाखान्याच्या बाकड्यावर बसून मोबाईलवर वाचत सुटलो.

हे गृहस्थ १८९८ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, नॉर्वेहून आलेल्या शेतकरी कुटुंबात जन्मले. तिथल्याच विद्यापीठातून डॉक्टर झाले आणि १९२५ मध्ये पीएच.डी.ही केली. १९३० साली, जेमतेम बत्तिशीत, ते सर्जरी विभागाचे प्रमुख झाले आणि १९६७ पर्यंत राहिले.

त्या काळी आतड्यात अडथळा झालेले कितीतरी रुग्ण दगावायचे. वँगेनस्टीन यांनी नाकातल्या नळीला सतत, हलकं सक्शन जोडलं. मोटर नाही, वीज नाही! वरच्या बंद बाटलीतलं पाणी खालच्या बाटलीत उतरतं, वर हवेचा दाब कमी होतो आणि नळीतून पोटातली हवा, पाणी ओढलं जातं. बस्स. आतड्यातली हवा बरीचशी आपणच गिळलेली असते, हे त्यांच्या लॅबने पुढे कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं.

पण मला त्यांचं खरं काम वेगळंच वाटतं. त्यांच्याकडे सर्जन व्हायला आलेल्या रेसिडेंटला नुसतं ऑपरेशन शिकून चालायचं नाही. वॉर्डमधून काढून त्याला लॅबमध्ये पाठवायचे, एकदोन महिने नाही, वर्ष-दोन वर्षं. शरीरक्रियाशास्त्राचे प्रमुख मॉरिस व्हिशर यांच्या लोकांबरोबर बसून प्रश्नांचा कीस पाडायचा. अनेकजण तिथून एम.एस. किंवा पीएच.डी. घेऊनच बाहेर पडले. ट्रेनिंग लांबायचं, पण बघा कोण कोण निघालं.

वॉल्टन लिलेहाय, पीएच.डी. १९५१. ओपन हार्ट सर्जरीच्या सुरुवातीच्या शिलेदारांपैकी एक. १९५७ मध्ये मिनिॲपोलिसमध्ये वीज गेली. तेव्हाचे पेसमेकर भिंतीतल्या प्लगवर चालायचे, म्हणजे वीज गेली की पेशंटचा जीव टांगणीला. लिलेहायनी हॉस्पिटलची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या अर्ल बॅकनकडे बॅटरीवरचा पेसमेकर मागितला. बॅकनने इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकातलं मेट्रोनोमचं सर्किट (ताल धरून टिकटिक करणारं यंत्र) उचललं, थोडं बदललं आणि काही आठवड्यांत डबी तयार! त्याची गॅरेजमध्ये सुरू झालेली कंपनी म्हणजे आजची मेडट्रॉनिक.

नॉर्मन शमवे, पीएच.डी. १९५६. ख्रिस्तियान बर्नार्ड, १९५८. बर्नार्ड दक्षिण आफ्रिकेहून आलेले. परत जाताना वँगेनस्टीननी त्यांना हार्ट-लंग मशीन मिळवून दिलं. डिसेंबर १९६७ मध्ये केपटाऊनला माणसातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण त्यांनीच केलं. महिन्याभरात शमवेंनी कॅलिफोर्नियात केलं. गुरू त्याच वर्षी निवृत्त झाले होते.

गुरूही चुकले बरं का. अल्सरवर उपाय म्हणून जठर आतून गोठवायची त्यांची पद्धत साठच्या दशकात गाजली, यंत्रं धडाधड खपली. मग अनेक हॉस्पिटलांनी मिळून, कोणाचं जठर खरं गोठवलं आणि कोणाचं खोटं हे लपवून चाचणी केली. १९६९ मध्ये निकाल आला: फरक शून्य. पद्धत बंद पडली. दुसऱ्यांना आयुष्यभर प्रयोग करून बघायला लावणाऱ्या माणसाने स्वतःची पद्धत मात्र पुरेशी न तपासता बाहेर सोडली, हे मला अजून पचत नाही.

१९८१ साली ते गेले.

आपल्याकडे एम.डी., एम.एस.ला थिसिस लागतोच. मामेबहिणीचाही चालू आहे, पण लॅबसाठी वेगळं वर्ष वगैरे काही नाही. नाइट ड्युटी संपली की केस पेपरांतले आकडे एक्सेलमध्ये भरते, तेही डोळे मिटत असताना. रिकामे आणि चुकलेले रकाने शोधणारी स्क्रिप्ट लिहून देशील का, असं तिने परवा विचारलं. आज रात्री बसतोय.