एडगर कॉड : वाट यंत्राला शोधू द्या

शिक्षकहो आणि पालकहो, चिंचोटीहून ठाण्याला घोडबंदरमार्गे जाता येतं, तसंच कामण-अंजूरफाट्यावरूनही. ठिकाण एकच, कमी वेळ कुठून लागेल ते बघून आपण वाट निवडतो. ही निवड संगणकावर सोपवायला शिकवणारा माणूस म्हणजे एडगर कॉड.

त्यांचा जन्म १९ ऑगस्ट १९२३ चा, इंग्लंडमधला. महायुद्धात ते वैमानिक होते. पुढे अमेरिकेत आयबीएममध्ये लागले. तेव्हा साठवलेली माहिती काढायची, तर तिच्यापर्यंतची वाटही प्रोग्रामरलाच लिहून द्यावी लागे. १९७० साली कॉड यांनी मांडलं, की माहिती साध्या तक्त्यांत ठेवा आणि फक्त काय हवं ते विचारा. वाट यंत्र शोधेल. हे फार हळू चालेल, असं अनेकांना वाटलं. कंपनीची जुनी पद्धत चांगली खपत होती, म्हणून तिनेही घाई केली नाही. कॉड मागे हटले नाहीत. १९७९ मध्ये तिथल्याच पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी निरनिराळ्या वाटांचा खर्च आधीच अंदाजून सगळ्यात स्वस्त वाट निवडायची रीत दाखवली. १९८१ मध्ये कॉड यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १८ एप्रिल २००३ रोजी ते वारले.

मुलांना एवढं जरूर सांगा, की नवी कल्पना हळू वाटते म्हणून टाकू नका. आधी वेळ मोजून बघा.